दार बुजवलं त्या वर्षी

जज्जाच्या पोटी जन्म घेण्यासारखी दुसरी शिक्षा नाही, असं माझं लहानपणापासूनचं मत आहे आणि नव्वदी आली तरी ते बदललेलं नाही. लोकांना वाटतं, काय मान, काय रुबाब, दारात पट्टेवाला, वडिलांच्या डोक्याला जरीकाठी फेटा. मान होता, नाही कशाला म्हणू? पण त्या मानाच्या मागून घरात जे 'नको' शिरलं ते मेलं घरभर पसरलं. दिवाळीला आमच्याकडं कुणाचं फराळाचं ताट यायचं नाही. लग्नाच्या अक्षता यायच्या, पण पंगतीला बसायचं नाही. आई हळदीकुंकवाला गेली तर कुंकू लावून घेऊन तशीच परत यायची, ओटीतलं वाण तिथंच पाटावर ठेवून. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, म्हणणं एकच, "आज तू वाण घेतलंस, उद्या तिचा नवरा माझ्यापुढं उभा राहील." आई चंदगडची, पावसापाण्यातली, कुणाला भ्यायची सवय नसलेली. ती म्हणायची, "ऱ्हाऊ दे की उभा. वाणात बत्तासा हाय, हत्ती न्हाई."

अण्णांचे थोरले भाऊ, आमचे आबा, गडमुडशिंगीला शेती बघायचे. गुऱ्हाळ लागलं की ते काकवीची घागर पाठवायचे. एका वर्षी त्यांनी ती गावातल्या कुणाच्या तरी बैलगाडीतून पाठवली आणि त्या गाडीवाल्याचा बांधावरून दावा चालू होता. तोही अण्णांच्या पुढं नाही, दुसऱ्याच कोर्टात. अण्णांनी घागर उतरवूच दिली नाही. गाडी आली तशी फिरली. आम्ही पोरं दारात बोटं चोखत उभी. दुसऱ्या दिवशी आबा स्वतः घागर डोक्यावर घेऊन मंगळवार पेठेतनं चालत आले आणि सोप्यात ती आपटून ठेवत ओरडले, "आरं, ऊस माझा, गुळव्या माझा, घागर माझी. नुसती गाडी त्येची. गाडीनं काय काकवीत लाच कालवली व्हय?" अण्णांनी घागर आत नेऊ दिली. त्या दिवशी आम्ही भाकरीबरोबर काकवी इतकी खाल्ली की माझ्या धाकट्या भावाला रात्री उलटी झाली.

या सगळ्यात एकच फट होती आणि ती म्हणजे परसातल्या भिंतीतलं बुटकं दार. भिंतीपलीकडं हुसेनचाचांचं अंगण होतं. चाचा टांगे बनवायचे, विशेषतः चाकं. अख्ख्या शहरातले टांगेवाले त्यांच्याकडं यायचे. सकाळी आमची झोप घणाच्या आवाजानंच मोडायची. ज्या दिवशी चाकाला धाव चढवायची, म्हणजे लाकडी चाकाभोवती लोखंडी पट्टा बसवायचा, त्या दिवशी अंगणात गोवऱ्यांचा जाळ रचला जायचा. पट्टा लालभडक झाला की चौघे मिळून सांडशीनं तो उचलायचे, चाकावर ठोकून बसवायचे आणि लगेच घागरीनं पाणी ओतायचे. चर्रर्र असा आवाज उठायचा आणि वाफेचा ढग भिंतीवरून आमच्याकडं यायचा. आईची वाळत घातलेली लुगडी धुरकटायची. ती ओरडायची, "हुसेनभाऊ, माझ्या लुगड्यालाबी धाव चढवता काय?" पलीकडून चाचांचं हसणं यायचं, "वैनी, तुमचं लुगडं टांग्याला लावलं तर घोडं बुजंल की!"

त्या दारापुरते अण्णा जज्ज नसत. कारणही तसंच होतं. गडमुडशिंगीहून शाळेसाठी आलेलं हे शेतकऱ्याचं पोर हुसेनचाचांच्या वडिलांच्या माळ्यावर राहून शिकलं होतं. गावाकडून आलेली भाकरी आणि खालच्या चुलीवरचं कालवण, असं त्यांचं शिक्षण झालं. पुढं वकिली झाली, जज्जाची नेमणूक झाली, तेव्हा त्यांनी मुद्दाम शेजारचं घर भाड्यानं घेतलं. मोहरमला खैरूनमावशी, म्हणजे चाचांची बायको, गुळाचे चोंगे पाठवायची. ईदला शिरखुर्मा यायचा. आमच्याकडून ओल्या काजूगरांची आमटी जायची, चंदगडच्या तांदळाचा भात जायचा. त्या दारातून ताट आलं की अण्णा वर्तमानपत्र जरा उंच धरायचे, एवढंच. चाचांची जैबू माझ्या वयाची. कोल्हापूरच्या आम्ही पोरी 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायचो, आणि दिवसभर त्या दारातून मी तिकडं 'जायचो' नाहीतर ती इकडं यायची.

आता अण्णांच्या नोकरीविषयी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. राज्य संस्थानचं होतं. गादी होती, दरबार होता, कोर्टं होती. पण रेसिडेन्सीच्या बंगल्यात गोरा साहेब बसायचा आणि तो कधी हुकूम करायचा नाही. तो सल्ला द्यायचा. सल्ला मोडायची कुणाची टाप नव्हती. शिवाय गोऱ्या माणसावर फौजदारी खटला चालवायचा अधिकारच आमच्या कोर्टांना नव्हता. मी लहान असताना एका साहेबानं पंचगंगेच्या काठी बदकांवर छरे मारले आणि ते म्हशी राखणाऱ्या एका माणसाच्या डोळ्यात गेले. अण्णांनी पंचनामा वाचला, जबाब नोंदवले, आणि मग सगळे कागद बांधून रेसिडेन्सीकडं पाठवले, कारण नियम तसा होता. साहेबाची तिथं कानउघाडणी झाली म्हणे. थोड्या दिवसांनी त्याची बदली झाली, तीही बढतीवर. तो एका डोळ्याचा माणूस कोर्टाच्या पायरीवर येऊन बसायचा. अण्णा बाहेर आले की विचारायचा, "सायेब, माझ्या डोळ्याचं काय झालं?" अण्णा सांगायचे, "बाबा, ते माझ्या हातात नाही." तो विचारायचा, "मग कुनाच्या हातात हाय?" हे अण्णांनी आम्हाला जेवताना सांगितलं आणि हात धुवून उठले. ताटात भात तसाच होता.

परवा नातवाच्या गाडीतून दवाखान्यात जाताना हे मी त्याला सांगत होते. तो म्हणाला, "म्हणजे पणजोबा इंग्रजांचेच नोकर की, आजी." माझं डोकंच फिरलं. नव्हते रे इंग्रजांचे नोकर! मग कुणाचे होते? ते मात्र मला धड सांगता येईना, आणि त्याचाच मला जास्त राग आला. आयुष्यभर माणूस न्यायाच्या खुर्चीवर बसला आणि त्या खुर्चीच्या पाठीमागं दुसऱ्याच कुणाचा तरी हात. गोरे साहेब क्लबात उघड म्हणायचे, ह्या लोकांचा न्याय नात्यागोत्याचा असतो, तोंड बघून निकाल देतात. ते अण्णांच्या कानावर यायचं आणि काट्यासारखं रुतून बसायचं. आयुष्यात एकदा तरी गोरा माणूस आपल्या कोर्टात यावा, आपल्या कायद्यानं त्याचा निकाल लागावा, आणि त्या निकालात कुणाला बोट ठेवायला जागा मिळू नये, हे त्यांचं वेड होतं. देवानं ते ऐकलं. ऐकताना जरा नीट ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

मोटारी वाढायला लागल्या होत्या. पेट्रोल विकणाऱ्या एका गोऱ्या कंपनीला पंपासाठी जागा हवी होती आणि त्यांच्या डोळ्यात भरलं ते हुसेनचाचांचं अंगण. कोपऱ्याची जागा, दोन्ही बाजूंनी रस्ता. ती जमीन पूर्वी एका इनामदाराची. चाचांच्या आजोबांना ती त्यानं तोंडी देऊन टाकली होती, त्याच्या घोडागाड्यांची चाकरी केली म्हणून. कागद नव्हता. त्या काळात कागद करायचा म्हणजे देणाऱ्यावर अविश्वास दाखवायचा, असं लोक मानायचे. इनामदाराच्या वारसानं तीच जमीन कंपनीला विकली आणि कंपनीनं चाचांना हुसकायला दावा लावला. जमीन संस्थानातली, म्हणून दावा संस्थानच्या कोर्टात, आणि आला तो नेमका अण्णांच्या पुढं.

अण्णा वरच्या न्यायाधीशांकडं गेले. म्हणाले, तो माझा शेजारी आहे, मी त्यांच्या घरी राहून शिकलोय, हा दावा माझ्याकडं नको. वरच्यांनी दार लावून घेतलं आणि सांगितलं, दुसरे जज्ज आहेत ते आताच्या इनामदाराचे मेहुणे. तुम्ही सोडलंत तर रेसिडेन्सीचा सल्ला तयारच आहे, खास अधिकारी नेमा म्हणून. तो अधिकारी कोण असेल आणि काय निकाल देईल ते तुम्हाला सांगायला हवं का? अण्णांना सांगायला नको होतं. दावा सोडला तर हुसेनची जागा गेलीच, आणि ठेवला तर शेजाऱ्याच्या बाजूनं दिलेला निकाल साहेब लोक एका दिवसात उडवणार, नात्यागोत्याचा न्याय म्हणून. मग त्यांनी ठरवलं, दावा ठेवायचा आणि असा चालवायचा की काडीइतकी फट राहता कामा नये. हे सगळं मला आईनं फार नंतर सांगितलं. तेव्हा आम्हाला एवढंच कळलं की एका सकाळी अण्णांनी आम्हा सर्वांना सोप्यात बोलावलं आणि सांगितलं, "आजपासून पलीकडं कुणी जायचं नाही. बोलायचं नाही. काही घ्यायचं नाही, द्यायचं नाही. दाव्याचा निकाल लागेपर्यंत."

"आणि जैबू?" मी विचारलं.

"तीही नाही."

दुसऱ्या दिवशी गवंडी आला आणि त्यानं परसातलं दार विटांनी बुजवायला घेतलं. आई चुलीपुढून उठून आली ती हातातल्या उलथन्यासकट. "ह्ये काय करताय? बोलत न्हाई म्हटलं न्हवं आम्ही? दार कशाला बुजवताय?"

"उद्या कंपनीचा वकील म्हणेल की जज्जाच्या घरातून प्रतिवादीकडं दार आहे. ते दार आहे तोवर मला तोंड नाही."

"आवो, पेठेत दार कवा बुजवत्यात ठावं हाय न्हवं तुमास्नी? भावाभावात मुडदे पडाय लागल्यावर बुजवत्यात!"

आई खरं बोलत होती. आमच्या पेठेत घराघरांमध्ये अशी दारं होती. भांडणं व्हायची, शिव्या व्हायच्या, डोकी फुटायची, पण दार असायचं. दारात विटा बसल्या म्हणजे वैर पक्कं झालं, आता सात पिढ्या पाणी नाही, असा त्याचा अर्थ. ह्याच पेठेत राहून शिकलेल्या अण्णांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण त्या वर्षी ते पेठेच्या डोळ्यांनी बघतच नव्हते. रेसिडेन्सीच्या बंगल्यातून आपण कसे दिसतो, एवढंच ते बघत होते. पलीकडं घण थांबला होता. विटेवर वीट चढत असताना मला वरच्या फटीतून हुसेनचाचांचे हात दिसले. ते उभे होते. शेवटची वीट बसेपर्यंत ते हलले नाहीत.

संध्याकाळपर्यंत पेठेत झालं, जज्जसायबानं हुसेनचं दार बुजवलं. गवंडी काय तोंड शिवून थोडाच बसणार होता! माणसं पानपट्टीवर बोलायला लागली, जज्ज गोऱ्याच्या बाजूला गेला. निकाल ठरलेला आहे, नुसतं नाटक चाललंय. पुढं जे जे घडलं त्याचा त्यांनी तोच अर्थ लावला. कोर्टात कंपनीच्या गोऱ्या मॅनेजरला खुर्ची दिली, कारण तो आजारी असल्याचं वकिलानं लिहून दिलं होतं. हुसेनचाचा उभे. पहिल्याच दिवशी चाचांनी सवयीनं हात जोडून "अण्णा, सलाम," म्हटलं तर अण्णा कडाडले, "इथं अण्णा कुणी नाही. कोर्टाशी बोला." पट्टेवाला राऊ हे सगळं रोज येऊन आईला सांगायचा. सांगताना त्याचंही तोंड उतरलेलं असायचं. "वैनीसाब, आज हुसेनचाचाचा साक्षीदार आलाच न्हाई," असं तो एक दिवस म्हणाला. सुरुवातीला दोघे साक्ष देऊन गेले होते, मग पुढं कुणीच आलं नाही. टांगेवाल्यांनी आधी छाती ठोकून सांगितलं होतं, आमच्या बापजाद्यापासून ती जागा हुसेनचीच. आता ते म्हणायला लागले, हरणाऱ्या बैलावर पैज कोण लावतं? कंपनीशी वाईटपणा कशाला?

जैबू आणि मी एकाच शाळेत. ती माझ्या बाकावरून उठून मागं जाऊन बसली. मी डबा खायला तिच्याकडं गेले तर म्हणाली, "मालू, तुझ्या बापाला सांग, आमी काय तुमचं घर मागाय आलो न्हवतो." मला रडायला यायला हवं होतं, पण आला तो संताप. घरी येऊन मी दप्तर भिरकावलं आणि आईला म्हटलं, अण्णा वाईट आहेत. आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला आणि मग स्वतःच पदरानं डोळे पुसत बसली. तिला खैरूनमावशीला काहीतरी सांगायचं होतं, पण सांगणार काय? अण्णांच्या मनात काय आहे हे तिला तरी कुठं ठाऊक होतं? एकदा तिनं धीर करून विषय काढला. "पेठेत लोक काय म्हनाय लागल्यात ऐकलंसा का? त्येचं साक्षीदार फुटाय लागल्यात."

अण्णा म्हणाले, "लोकांच्या म्हणण्यावर न्याय चालत नाही. जे दोघे बोलून गेले तेवढे पुरे आहेत."

"कशाला पुरे हाईत?"

अण्णांनी तिच्याकडं बघितलं आणि ते उठून आत गेले. तेवढ्या बोलण्याचंही त्यांना वाईट वाटलं असावं, कारण त्या रात्रीपासून ते घरात दाव्याचा द काढेनात. त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो. एक शब्द, नुसता एक शब्द आईच्या कानात टाकला असता तर तिनं तो भिंतीवरून पलीकडं पोचवला असता. पण मग तो न्याय राहिला नसता, हेही खरं. म्हणजे राग धरायचा तरी कुणावर? भिंतीवर?

शेवटची भाषणं झाली, निकालाची तारीख पडली. आणि तिच्या आधी चार दिवस हुसेनचाचा, त्यांचा वकील आणि कंपनीचा वकील असे तिघे एकत्र कोर्टात आले. तडजोडीचा अर्ज घेऊन. चाचांनी जागेवरचा हक्क सोडायचा, कंपनीनं त्यांना घर हलवण्यापुरती रक्कम द्यायची आणि लाकूड-लोखंड नेऊ द्यायचं. राऊनं सांगितलेलं मला शब्दन्‌शब्द आठवतं. अण्णांनी अर्ज वाचला. परत वाचला. मग विचारलं, "हे तू राजीखुशीनं करतोयस?"

"व्हय, सायेब."

"कुणाची जबरदस्ती नाही?"

"न्हाई."

राऊ म्हणाला, सायबांनी टाक खाली ठेवला. मग ते म्हणाले, "निकाल चार दिवसांवर आलाय. थांबायचं असेल तर थांब. नीट विचार कर."

जज्जाला खुर्चीवरून जेवढं म्हणता येतं तेवढं त्यांनी म्हटलं होतं, किंबहुना जरा जास्तच. पण ज्या माणसानं आपलं दार बुजवलं, त्याच्या तोंडून हे ऐकताना चाचांना काय ऐकू आलं असेल? थांबलास तर हेही मिळायचं नाही, असंच ना? त्यांनी घाईघाईनं हात जोडले आणि म्हणाले, "न्हाई सायेब, थांबायचं न्हाई. आत्ताच करून टाका." दोन्ही बाजू राजी असल्यावर जज्जाला दुसरं काही करता येत नाही. अण्णांनी सही केली.

त्या दिवशी ते दुपारीच घरी आले. फेटा काढून खुंटीला लावला तो खाली पडला, तो तसाच. आई पाणी घेऊन गेली. तिला राऊकडून कळलं होतं. ती म्हणाली, "झालं न्हवं मनासारखं? मिटला न्हवं दावा?"

चिडले की अण्णांची वकिली मराठी गळून पडायची आणि आतला गडमुडशिंगीचा गडी बाहेर यायचा. ते ओरडले, "काय मनासारखं? त्येच्या बाजूनं देनार हुतो मी! समदं ठरलं हुतं. त्येच्या आज्ज्याचा ताबा, दोन साक्षी, इनामदाराचा बाप त्येच्या हातनं गाड्या करून घेत हुता. कंपनीचा दावा खर्चासकट उडवनार हुतो. वरच्या कुठल्या कोर्टात कुनाला हलवता आला नसता असा निकाल!"

आई म्हणाली, "आनि ह्ये कुनाला ठावं हुतं?"

"कुणालाच नाही. कुणाला माहीत असून चालतच नाही."

"मग झालं की. गोऱ्याला वाटावं जज्ज शेजाऱ्याचा न्हाई, म्हनून दार बुजवलंसा. गोऱ्याला वाटलं का न्हाई देव जानं. शेजाऱ्याला मातर वाटलं." आणि तिनं पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं ठेवला, हातात दिला नाही.

चाचांनी अंगण रिकामं केलं ते आम्ही घरातून ऐकलं, कारण बघायला दार नव्हतं. लाकडं ओढल्याचा आवाज, ऐरण गाडीवर चढवताना माणसांचा हुंकार, खैरूनमावशीचं कोंबड्यांच्या मागं धावणं. ते गडमुडशिंगीलाच गेले. तिथं बैलगाड्या होत्या आणि चाकाला माणूस हवाच होता. आबांनीच त्यांना गावाबाहेर जागा बघून दिली. आमच्या आबांनी नंतर बरेच दिवस आमच्या घरात पाऊल टाकलं नाही आणि काकवीही पाठवली नाही.

याहून चीड आणणारं पुढंच आहे. थोड्या दिवसांनी रेसिडेन्सीतून दरबाराला कळवण्यात आलं, की शेजारी असूनही या न्यायाधीशानं दावा अत्यंत निःपक्षपातीपणे चालवला, याबद्दल साहेबांना समाधान वाटतं. देशी न्यायाधीशांनी हा आदर्श ठेवावा, वगैरे. अण्णांना बढती मिळाली. लोक हारतुरे घेऊन आले. अण्णांनी कुणाचा हार घेतला नाही. लोकांना वाटलं, नेहमीचंच, जज्जसाहेब काही घेत नाहीत. आयुष्यभर ज्या शाबासकीसाठी माणूस झुरला ती मिळाली, आणि मिळाली ती न दिलेल्या निकालासाठी. गोऱ्याच्या विरुद्ध तो निकाल वाचला असता तर साहेबांना असंच समाधान वाटलं असतं का, हे विचारायची सोयच उरली नाही. पुढं अण्णांच्या कोर्टात गोरा माणूस कधी आला नाही. मग इंग्रजांचं राज्य गेलं, संस्थान गेलं, कोर्टं बदलली, अण्णा निवृत्त झाले. ती एक संधी तेवढी आली होती. अजून त्या पंपावर गाड्यांची रांग असते. कंपनी कधीच गेली, मालक किती बदलले कोण जाणे. नातू तिथंच पेट्रोल भरतो आणि मी गाडीत बसून मान दुसरीकडं वळवते. हा काय वेडेपणा, असं सून म्हणते. असेल.

सुगी आली तेव्हा अण्णा एका रविवारी सकाळी मला म्हणाले, "चल मालू, गावाकडं जाऊन येऊ." मला वाटलं, आबांची समजूत काढायला चाललेत. पण टांगा गावात न जाता आधीच थांबला. रस्त्याच्या कडेला पत्र्याची छपरी होती, पुढं दोन बैलगाड्या उलट्या टाकलेल्या, आणि हुसेनचाचा चाकात आरे बसवत होते. वर बघून ते उठले. हात पुसले. खैरूनमावशीनं आतून बाज आणून टाकली. जैबू दारामागं उभी राहिली आणि माझ्याकडं बघेना.

"या सायेब. बसा," चाचा म्हणाले.

अण्णा बसले नाहीत. वाटेत येताना ते ओठातल्या ओठात काहीतरी जुळवत होते, ते मी बघितलं होतं. कोर्टात पानं पानं बोलणारा माणूस, पण इथं त्यांनी ते दोन वाक्यांत सांगून टाकलं. "हुसेन, दावा आता संपलाय, म्हणून सांगायला मला मुभा आहे. जागा मी तुलाच देणार होतो."

चाचांना जणू कळलंच नाही. मग त्यांनी विचारलं, "मलाच?"

"तुलाच. सगळी. निकालात शंकेला जागा नव्हती. मी दार बुजवलं ते त्यासाठीच, की कुणी तो निकाल मोडू नये. चार दिवस थांबला असतास तर..." अण्णांनी फेटा काढून हातात धरला. "तुझ्यापासून हे लपवून ठेवणं मला जमेना. तुला कळायला हवं, की मी तुझ्याशी बेइमानी केली नव्हती."

मला तेव्हा वाटलं, आता चाचा अण्णांना मिठी मारतील. मला वाटलं, आता सगळं ठीक होणार, जैबू बाहेर येणार. मी तिच्याकडं बघून हसलेसुद्धा. खैरूनमावशीनं मात्र तोंडावर हात ठेवला होता.

चाचा हळूहळू चाकाच्या कडेला टेकले. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"सायेब," ते म्हणाले, "ह्ये सांगाय कशाला आलासा? ती जागा न्हाईतरी गेलीच असती, आपुन काय बी केलं असतं तरी गेली असती, असं रोज पोरीला सांगत हुतो. तिच्या आईला सांगत हुतो. तेवढ्यावर दिस निघत हुतं आमचं. तुमचं मन हलकं झालं. आता मी घरात काय सांगू?"